ताईचे समोरचे तीन दात

९ जानेवारी

ही डायरी दातांचं सिमेंट विकणाऱ्या कंपनीने लॅबला फुकट दिली होती. प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक हसरं तोंड छापलंय. आज त्याच्याकडे बघवत नाही, पण दुसरं कोरं काही हाताशी नाही. एक कवळी घट्ट व्हायला गरम पाण्यात शिजतेय, तिला अजून दीड तास लागेल. तोवर मला कुणी हाक मारणार नाही. लिहून टाकते.

परवा संध्याकाळी मी ताईला पाडलं.

तिला शाळेतून घेऊन घरी चालले होते. स्कूटर मी चालवत होते, ती मागे. फोन हँडलवरच्या पकडीत अडकवलेला. चपलांवर सूट आहे असा मेसेज आला, सोबत फोटो. निळ्या चपला होत्या. टाच केवढी आहे ते बघायला मी मान जराशी पुढे केली आणि स्कूटर रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात घुसली. मला कोपराला खरचटलं. ताईचं तोंड फुटपाथच्या कडेवर आपटलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. वरचे समोरचे दोन दात तिथेच पडले. त्यांच्या शेजारचा मुळाशी मोडला होता, तो डॉक्टरीणबाईंनी काल काढला.

लोक जमले. एकाने विचारलं, कसं झालं हो? मी म्हणाले, कुत्रं आडवं आलं. कुत्रंबित्रं काही नव्हतं. रस्ता रिकामा होता.

आणि त्याहून वाईट ते पुढे. दात बनवणं हेच माझं काम. तेवीस वर्षं झाली. पडलेला दात मुळाला हात न लावता उचलायचा, दुधात ठेवायचा, अर्ध्या तासात दवाखान्यात पोचवायचा, म्हणजे पुष्कळदा तो परत रुजतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आणि मी रस्त्यावर आधी काय शोधलं, तर फोन. पडद्यावर चपला तशाच होत्या. त्या बंद केल्या आणि मग ताईकडे वळले. दातांची आठवण झाली तेव्हा आम्ही रिक्षात होतो, आणि रिक्षा दवाखान्याच्या दारात होती.

काल सकाळी दात शोधायला त्या जागी जाऊन आले. कामगारांनी खडी पसरून वर रोलर फिरवला होता.

१२ जानेवारी

शेजारच्या काकू ताईला बघायला आल्या. ताईचा ओठ अजून सुजलेला आहे, बोलणं फुसफुस येतं. काकूंनी कुत्र्याची चौकशी केली. मी चहाच्या निमित्ताने आत पळाले. तर बाहेर ताई सांगतेय, "तांबूस होतं. शेपटीचं टोक पांढरं. एकदम मध्येच आलं, ही बिचारी काय करणार?"

नसलेल्या कुत्र्याच्या शेपटीचं टोक हिला दिसलं कसं? डोक्याला मार बसलाय का?

१३ जानेवारी

लॅबमधून डॉक्टरीणबाईंना फोन केला. आमच्या लॅबचं निम्मं काम त्यांच्याकडून येतं, त्यामुळे ओळख जुनी. विचारलं की मार लागल्यावर माणसाला न घडलेलं घडल्यासारखं वाटतं का. त्यांनी ताईची फाइल काढली. मग म्हणाल्या, तुमच्या ताईंचा स्कॅन स्वच्छ आहे, त्यांना सगळं नीट आठवतंय. "सगळं" वर त्यांनी जोर दिल्यासारखा वाटला. डॉक्टर लोक धीर द्यायला असंच बोलतात. माझी काळजी गेली नाही.

१९ जानेवारी

टाके काढले. तीन दातांचं पुढे काय, यावर आज बोलणं झालं. डॉक्टरीणबाईंनी ताईला समजेल असं सांगितलं. मला सगळं ठाऊक असूनही मी पहिल्यांदा ऐकतेय असं वाटत होतं.

पहिला मार्ग काढता-घालता येणारी प्लेट. लवकर होते, हाडामांसाला हात लागत नाही, पण टाळूवर पातळ पत्रा बसल्यासारखं वाटतं आणि सुरुवातीला बोलणं बोबडं होतं. दुसरा ब्रिज. त्यासाठी दोन्ही बाजूंचे धडधाकट दात घासून बारीक करायचे आणि त्यांच्या आधाराने मधले तीन बसवायचे. तिसरा इम्प्लांट. हाडात धातूचा स्क्रू बसवायचा, हाड त्याला घट्ट धरेपर्यंत चार-सहा महिने थांबायचं, मग वर दात. ताईला साखर आहे, पण आटोक्यात आहे, त्यामुळे तेही जमेल.

ताई म्हणाली, प्लेट करू या. मी म्हणाले, इम्प्लांटच करायचे. अगदी खऱ्यासारखे होतात, काही झालं होतं हे कुणाला कळणारसुद्धा नाही. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, बरं, तुझं समाधान होऊ दे. तोवर प्लेट तर लागेलच ना? ती तू करशील?

हे काम दुसऱ्या कुणाच्या हातात देणं शक्यच नव्हतं.

२७ जानेवारी

प्लेट दिली. असे दात मी आजवर कुणाला दिले नसतील. रेषेत, एकमेकांना चिकटून, कडा एकसारख्या. माझा सहकारी, ज्याच्या केसांत कायम प्लास्टरची भुकटी असते म्हणून ज्याला सगळे प्लास्टरच म्हणतात, त्याने भिंगातून बघून "सुंदर" म्हटलं. तो कुणाच्या कामाला असं म्हणत नाही.

ताईने आरशात पाहिलं. ओठ उघडले, मिटले, परत उघडले. म्हणाली, "छान आहेत. कुणाचे आहेत?"

मला वाटलं गंमत करतेय. मी हसले. ती हसली नाही.

२ फेब्रुवारी

ताईचं काम काय ते इथे लिहायला हवं, नाहीतर आजचं कळणार नाही. ज्यांना ऐकू येत नाही अशा मुलांना ती बोलायला शिकवते. अठ्ठावीस वर्षं. मुलं तिच्या ओठांकडे बघतात, जीभ कुठे टेकते ते बघतात, तोंडापुढे हात धरून हवा किती येते ते तपासतात, आणि तसंच करतात. त, थ, द, ध, न हे सगळे दातांवरचे. फ आणि व ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात. म्हणजे तिचा फळा, खडू, पुस्तक जे काय म्हणाल ते तिचं तोंड.

ती सोमवारपासून वर्गावर जातेय. आज घरी आल्या आल्या तिने प्लेट काढून डबीत ठेवली. मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. प्लेटमुळे जीभ अडखळते, दातापर्यंत पोचायच्या आधीच टेकते किंवा जास्तच पुढे येते. तिचं "दूध" "झूझ" असं काहीतरी होतं. तिला ते ऐकू येतं, मुलांना येत नाही. मुलं फक्त बघतात. तीन दिवसांत नऊच्या नऊ मुलं जीभ बाहेर काढून "द" म्हणायला लागली. वर्षभर घासून बसवलेला "द".

"मी चुकीचं बोलले ना, की ती अगदी बरोबर चुकीचं बोलतात," ती म्हणाली.

मुख्याध्यापिकांनी तिला काही दिवस कपाटं लावायचं काम दिलंय. वर्गावर दुसऱ्या बाई.

३ फेब्रुवारी

आज काही लिहवत नाही. तीन कवळ्या घासल्या. तिन्हींना जागोजाग ओरखडे.

६ फेब्रुवारी

अपघातानंतर ताई बसने जात होती. आज म्हणाली, तूच सोड मला. मी म्हटलं, नको, मला धीर होत नाही. तर हेल्मेट डोक्यात घालून जिना उतरलीसुद्धा. स्कूटरजवळ म्हणाली, "फोन दे इकडे, पर्समध्ये ठेवते. धूळ लागते त्याला." इतकी वर्षं कधी धूळ लागली नव्हती. मग म्हणाली, आरसा जरा फिरव, मला सगळा रस्ता दिसतो त्यात, तुला काय दिसतं कुणास ठाऊक.

वाटेत खडीची ती जागा आली. तिथे ती मला "हळू" म्हणेल, माझा खांदा धरेल असं वाटलं होतं. ती डाळ भिजत घातलीस का ते विचारत होती. विसरलीच आहे ती. तिच्या डोक्याची मला खरंच धास्ती वाटते.

१० फेब्रुवारी

प्लेट नव्याने करायला घेतलीय. हा विचार मला पंधरा दिवसांपूर्वी यायला हवा होता. दातांच्या मागे टाळूवर बारीक वळ्या असतात, जीभ त्यांच्यावरून आपली जागा ओळखते. मी ती जागा काचेसारखी गुळगुळीत केली होती, कारण गुळगुळीत केलं की काम देखणं दिसतं. आता तिच्या साच्यावरून वळी न् वळी मेणात उतरवायची आणि प्लेट कागदाइतकी पातळ करायची.

दात मात्र कसे लावू? ताईचे आधीचे दात कसे होते ते मला आठवेना. हजारो माणसांच्या दातांची मापं या हातांखालून गेली, पण पाच वर्षं जिच्यासमोर बसून रोज जेवतेय तिचे समोरचे दात डोळ्यांपुढे येईनात. संसार मोडून मी तिच्या दारात उभी राहिले तेव्हा तिने आपली खोली मला दिली आणि स्वतः बाहेरच्या दिवाणावर झोपायला लागली. मी तिच्याकडे कधी नीट बघितलंच नाही म्हणायचं.

१३ फेब्रुवारी

जुने फोटो काढले. लग्नातले, सहलीतले, आईच्या शेवटच्या वाढदिवसाचे. ताई कुठे ओठ मिटून हसतेय, कुठे तोंडावर हात. एकाही फोटोत दात नाहीत.

शाळेत असताना तिच्या दोन पुढच्या दातांत फट होती. मी तिला "खिडकी" म्हणायचे. "खिडकी आली, खिडकी लाव, वारा येतोय." सगळी गल्ली म्हणायला लागली होती. मी सहा-सात वर्षांची, ती चौदा-पंधराची. आई मला रागवायची, ताई कधी काही बोलली नाही. मला वाटायचं तिला चालतं. ओठ मिटून हसायचं तिने तेव्हापासून धरलं असेल, हे आज फोटो मांडून बसल्यावर ध्यानात आलं. आणि मी जे तीन दात केले, त्यांत मी ती खिडकी कायमची बुजवून टाकली, न विचारता.

१५ फेब्रुवारी

तिच्या शाळेत गेले. मुख्याध्यापिकांनी वर्गाचं जुनं चित्रण दाखवलं. तिथे ताईचं तोंड सताड उघडं. मुलांसाठी ती एकेक अक्षर उच्चारतेय, ओठ मागे घेऊन, दात पूर्ण दाखवत. फट आहे, आणि डावा दात उजव्याहून किंचित पुढे. किती चांगले दिसत होते. मी थांबवून थांबवून मापं लिहून घेतली.

१९ फेब्रुवारी

इम्प्लांटची तारीख घ्यायला दवाखान्यात गेलो होतो. एक फॉर्म भरायचा होता. दात कसे गेले, असा रकाना. ताईने तिच्या गोल, सुबक अक्षरात लिहिलं, दुचाकीसमोर कुत्रा आल्याने. आणि खाली सही करायला पेन टेकवलं.

मुलांनी पट्टी हरवून "माहीत नाही" म्हटलं तर त्यांना पुन्हा उभं करून खरं बोलायला लावणारी बाई ही. मी तिचा हात धरला. बाकावर आमच्या शेजारी एक आजोबा बसलेले, तरी मला थांबता आलं नाही.

"ताई, कुत्रं नव्हतं."

"माहीत आहे मला."

"मी फोन बघत होते."

"तेही माहीत आहे. आरशात तुझी नजर दिसत होती, खांद्यावरून फोन. निळ्या चपला."

मी विचारलं, मग शेपटीचं पांढरं टोक? ती म्हणाली, "तू सगळ्यांसमोर कुत्रं म्हणालीस. मी नाही म्हटलं असतं तर तुझं काय झालं असतं? आणि एकदा कुत्रं म्हटलं की लोक रंग विचारतात."

म्हणजे डॉक्टरीणबाईंनाही तिने खरं सांगितलेलं होतं, "सगळं" वरचा जोर त्यासाठीच. मीच एकटी तिच्या डोक्याची काळजी करत फिरत होते.

मी रडायला लागले. तिने पेनाचं टोपण लावलं, फॉर्मची घडी घातली. तिचा आवाज मोठा झाला नाही, पण असा आवाज मी आईनंतर ऐकला नव्हता. म्हणाली, पडायचे होते ते पडले, माणसाची नजर हलते, तो राग माझा चार दिवसांत ओसरला. तू कधी सांगशील याची मी दीड महिना वाट बघतेय. रोज सूप करतेस, पाय चेपतेस, सगळ्यांत भारी ते करू म्हणून मागे लागतेस. स्क्रू बसवल्यावर पंधरा दिवस प्लेट नीट घालता येणार नाही, म्हणजे मी पुन्हा कपाटं लावायची. ते तुला सुचलं नाही. "तुला ही जागा बुजवायची घाई झालीय, छोटी. माझ्या तोंडातली."

मग उठली, काउंटरवर जाऊन तारीख रद्द केली आणि बसने एकटी घरी गेली.

२२ फेब्रुवारी

तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलतेय. भाजी कुठली, किल्ली कुठे. सूप घेतलं नाही. पाय चेपू लागले तर पाय जवळ ओढले.

कबूल केल्यावर छातीवरचं ओझं उतरेल असं वाटलं होतं. काही उतरलं नाही. आधी निदान ती माझ्याशी बोलत होती.

२८ फेब्रुवारी

दुसरी प्लेट झाली. फट आहे. डावा दात किंचित पुढे. दातांच्या मागे बारा वळ्या. रंगही पांढरा ठेवला नाही, चोपन्न वर्षांच्या, चहा पिणाऱ्या बाईच्या दातांचा ठेवला. प्लास्टर म्हणाला, हे काय, वाकडे लावलेस की. मी म्हटलं, हो.

ताईच्या पुढ्यात ठेवली आणि बाजूला उभी राहिले. तिने घातली. आरसा घेतलाच नाही. जिभेने मागून चाचपलं, बराच वेळ. मग म्हणाली, दात. दार. दिवा. नदी. तंतू. दूध.

"अजून द थोडा जड आहे," ती म्हणाली. "मधल्या वळीवर लागतं."

मी घासायला घेतली. तीनदा घासून दिली. चौथ्यांदा ती "दूध" म्हणाली आणि मग एकदम "चहा टाक," असंही म्हणाली. तिने माझ्याकडे काहीतरी मागितलं याचंच मला इतकं झालं की साखर दोनदा घातली. तिला साखर चालत नाही. तो चहा मी प्यायले.

इम्प्लांटचं विचारलं नाही. तिनेच सांगितलं की आत्ता नाही, निवृत्त झाल्यावर मनात आलं तर बघेन, आणि ते माझ्या मनात यायला हवं, तुझ्या नाही.

११ मार्च

ताई आठवडाभर वर्गावर आहे. काल म्हणाली, उद्या सकाळी लॅबला उशिरा जा, माझ्यासोबत चल.

छोटा वर्ग. नऊ मुलं अर्धगोलात, म्हणजे सगळ्यांना तिचं तोंड दिसतं. मी मागे भिंतीला टेकून उभी राहिले. ताईने मुलांसमोर प्लेट काढली आणि तळहातावर ठेवली. मला वाटलं मुलं घाबरतील. ती खुर्च्या सरकवून पुढे आली. ताई तशीच, रिकाम्या जागेने, "दार" म्हणाली. नुसती हवा. प्रत्येकाने तोंडापुढे हात धरून ती हवा घेतली. मग प्लेट घातली आणि जीभ मागे टेकवून म्हणाली, "दार." पुन्हा हात. काढून एकदा, घालून एकदा. जीभ कुठे लागते, नाही लागली तर काय होतं, हे मुलांना पाच मिनिटांत कळलं. एकेक जण "द" म्हणू लागला. मला ते दात चांगले दिसण्यासाठी हवे होते, तिला मुलांना दाखवण्यासाठी.

तेवढ्यात दोन वेण्यांच्या एका मुलीने विचारलं, अर्धं हाताने, अर्धं तोंडाने, हे पडले कसे? ताईने तिला आधी कुत्र्याचं सांगितलेलं असणार, कारण ती चार पायांची खूण करून "नाही ना?" असं मान हलवत होती. मुलं खोटं बोलणारं तोंड ओळखत असतील.

ताई म्हणाली, "हिला विचारा. हिला माहीत आहे." आणि मला पुढे आणून खिडकीसमोरच्या खुर्चीत बसवलं. उजेड चेहऱ्यावर हवा, नाहीतर ओठ वाचता येत नाहीत.

मी खाली बघत म्हणाले की मी फोन बघत होते. मुलगी म्हणाली, "पुन्हा."

मी पुन्हा म्हणाले. माझा हात तोंडाशी गेला होता. ताईने तो धरून माझ्या मांडीवर ठेवला. मुलगी म्हणाली, "पुन्हा."

मग मी मान वर केली आणि ओठ पूर्ण उघडून, शब्द सुटे करून म्हणाले, "मी फोन बघत होते. म्हणून ताईचे दात पडले."

मुलीने ते तसंच म्हटलं, मोठ्याने, तिच्या जाड आवाजात. "मी फोन बघत होथे. म्हणून थाईचे दाथ पडले." ताई तिच्यासमोर वाकली. "ताईचे. जीभ दातांच्या मागे. दात." मुलीने सुधारून म्हटलं. मग शेजारच्याने म्हटलं. मग सगळ्यांनी मिळून. माझं वाक्य नऊ तोंडांनी तीनदा म्हटलं, प्रत्येक जण स्वतःवर घेऊन, आणि ताई एकेकाचा त आणि द तपासत फिरत होती. माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

तास संपल्याचा दिवा लुकलुकला. मुलं उठली. ती मुलगी जाता जाता थांबली आणि तिने ताईचा हात ओढून विचारलं, "दुखलं?"

तोंड नीट दिसावं म्हणून ताई तिच्यासमोर खाली बसली. म्हणाली, "हो. खूप दुखलं. अजून थंड पाणी लागलं की दुखतं."

दोन महिने मी तिच्या तोंडाची मापं घेत होते. हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.